दुखणे उलटते तेव्हा

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या निमित्ताने दिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



प्रतिवर्षी या सभेत जमाखर्च, यंत्रसामग्री आणि इमारत यांविषयी आपणांस निवेदन केले जाते. आज वैद्यकीय विभागाच्या वतीने आम्ही एका शब्दाविषयी बोलणार आहोत. तो शब्द आपल्या सर्वांच्या घरातला आहे. ताप उतरतो, माणूस उठून बसतो, पेज मागतो, घरचे निःश्वास सोडतात आणि चार दिवसांनी ताप पुन्हा भरतो, छातीत दुखते, श्वास अपुरा पडतो. अशा वेळी आपण म्हणतो, "दुखणे उलटले."

हा शब्द अनुभवातून आलेला आहे. चांगला होऊ लागलेला रुग्ण एकाएकी खालावतो, हे आपल्या पूर्वजांनी अचूक टिपले होते. परंतु या शब्दाने दोन गैरसमजही आपल्या घरांत रुजवले. पहिला असा, की जे दुखणे होते तेच परत आले. दुसरा असा, की कोणीतरी पथ्य मोडले म्हणून ते परत आले. मुलाला लवकर आंघोळ घातली, दही दिले, वाऱ्यावर नेले, असे म्हणून दोष बहुधा आईच्या पदरी टाकला जातो. वैद्यकशास्त्राचा अनुभव वेगळा आहे. पुष्कळदा जे उलटले असे वाटते ते पहिले दुखणे नसतेच. पहिल्या दुखण्याने उघड्या टाकलेल्या दारातून आत शिरलेले ते दुसरे दुखणे असते. हा भेद केवळ पुस्तकी नाही. तो ध्यानात आला तर जीव वाचतात.

याचा सर्वांत मोठा आणि दुःखद दाखला आपल्याच प्रांताच्या इतिहासात आहे. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीला जुनी माणसे 'मानमोडी' म्हणत. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीत पहाऱ्यावर असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी होऊन रुग्णालयात दाखल झाले. पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट उसळली आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. संपूर्ण हिंदुस्थानातील मृत्यूंचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत आहेत. १९११ ते १९२१ हे जनगणनेच्या इतिहासातील एकमेव दशक असे, की ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

साथ रेल्वेच्या मार्गाने पसरते आहे हे त्या काळच्या आरोग्याधिकाऱ्यांच्याही ध्यानात आले होते. सोलापूर हे मुंबई-मद्रास लोहमार्गावरील गिरण्यांचे शहर. दाट वस्तीच्या चाळी, गिरणीतील कोंदट हवा आणि त्याच वर्षी पावसाने ओढ दिल्यामुळे दख्खनभर पडलेली टंचाई ध्यानात घेतली, तर येथील घराघरांत काय ओढवले असेल याची कल्पना करणे कठीण नाही. त्या साथीत वीस ते चाळीस या वयोगटातील धडधाकट माणसे मोठ्या प्रमाणावर गेली. ज्यांच्यावर घर उभे होते तीच माणसे गेली.

त्या रुग्णांच्या फुप्फुसांत डॉक्टरांना जिवाणू सापडत होते. जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांनी १८९२ मध्ये एका जिवाणूलाच इन्फ्लुएंझाचे कारण मानले होते आणि १९१८ मध्येही अनेक डॉक्टर त्याचाच शोध घेत होते. काहींच्या फुप्फुसांत तो सापडे, काहींच्या सापडत नसे, काहींत भलतेच जिवाणू दिसत. हा गोंधळ १९३३ मध्ये मिटला. त्या वर्षी इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा केला आणि रोगाचे मूळ कारण जिवाणू नसून त्याहून कितीतरी सूक्ष्म असा विषाणू आहे हे सिद्ध झाले.

मग ते जिवाणू फुप्फुसांत काय करीत होते? याचे उत्तर पुढे नव्वद वर्षांनी अधिक स्पष्ट झाले. १९१८-१९ मध्ये मृत्यू पावलेल्या ५८ रुग्णांच्या फुप्फुसांचे जतन करून ठेवलेले नमुने अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासले आणि त्या काळातील शवविच्छेदनांच्या हजारो नोंदीही अभ्यासल्या. २००८ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, की त्या साथीतील बहुसंख्य मृत्यू केवळ विषाणूमुळे झाले नव्हते. विषाणूच्या मागोमाग आलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने ते झाले होते. विषाणूने वाट करून दिली आणि एरवी घशात निमूटपणे राहणाऱ्या जिवाणूंनी घात केला.

हे कसे घडते ते थोडक्यात सांगतो. आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर लवेसारखे सूक्ष्म केस असतात. ते सतत एका दिशेने हलत राहून धूळ, जंतू आणि कफ वर घशाकडे ढकलतात. घरातील केरसुणीचे काम तेथे अहोरात्र चालू असते. इन्फ्लुएंझाचा विषाणू नेमक्या याच अस्तराच्या पेशी मारतो. केर काढणारे कोणी उरत नाही आणि सोललेल्या भिंतीवर जिवाणूंना चिकटून बसण्यास जागा मिळते. विषाणूजवळ एक विकर असते. त्याच्या साहाय्याने तो पेशींवरील शर्करेचे आवरण कापतो आणि त्यामुळेही जिवाणूंना पकड मिळते. तिसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे. विषाणूशी लढताना शरीर जी रसायने सोडते, त्यांतील काहींमुळे फुप्फुसांतील जिवाणूभक्षक पेशी काही काळ मंदावतात. एका शत्रूकडे सर्व सैन्य वळवले असता दुसरा मागच्या वेशीतून आत यावा, तसा हा प्रकार होतो.

दुखण्यांचा क्रम येथे फार महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील मेम्फिस येथील संशोधकांनी २००२ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. उंदरांना आधी इन्फ्लुएंझाचा संसर्ग करून सात दिवसांनी न्यूमोकोकस हा जिवाणू दिला, तेव्हा ते सर्व मरण पावले. हाच क्रम उलटा केला, म्हणजे जिवाणू आधी आणि विषाणू नंतर दिला, तेव्हा मात्र तसे झाले नाही. माणसाचे शरीर उंदराहून वेगळे आहे हे खरे. तथापि रुग्णाच्या खाटेपाशी जे दिसते त्याच्याशी हा प्रयोग जुळतो. ताप येतो, तीन-चार दिवसांत उतरतो, मध्ये थोडे बरे दिवस जातात आणि सुमारे पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान काही रुग्णांना हुडहुडी भरून पुन्हा ताप येतो. मधल्या त्या बऱ्या दिवसांविषयीच आज आम्हांस प्रामुख्याने सांगावयाचे आहे.

ही केवळ जुन्या काळची गोष्ट आहे असे कोणी समजू नये. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली आणि देशातील पहिला मृत्यू ऑगस्ट महिन्यात पुण्यात झाला, हे आपल्यापैकी अनेकांस आठवत असेल. त्याच वर्षी अमेरिकेत त्या तापाने दगावलेल्या ७७ रुग्णांच्या फुप्फुसांचे नमुने तपासले असता २२ जणांत जिवाणूंचा संसर्ग आढळला. प्रतिजैविके उपलब्ध असलेल्या काळातील ही स्थिती आहे. १९१८ मध्ये तर पेनिसिलिनचा शोधही लागलेला नव्हता.

आता लहान मुलांकडे वळू या. आपल्या शहरात आजही सर्वाधिक काळजी वाटावी असा विषाणू म्हणजे गोवर. गोवर निघाला की अनेक घरांत त्यास देवीचे येणे मानतात. मुलाला अंधाऱ्या खोलीत निजवतात, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवतात, औषध देत नाहीत आणि पुरळ मावळले की देवी गेली म्हणून नारळ वाढवतात. या श्रद्धेचा आम्ही उपहास करीत नाही. मुलाला वेगळे निजवण्यात आणि विश्रांती देण्यात शहाणपणही आहे. परंतु पुरळ मावळल्यावर धोका संपत नाही. गोवराने दगावणाऱ्या मुलांपैकी बहुतेक मुले पुरळाने दगावत नाहीत. त्यामागून येणारा न्यूमोनिया, अतिसार आणि क्वचित मेंदूचा दाह त्यांचा बळी घेतो आणि त्यांत न्यूमोनियाचा क्रमांक पहिला आहे.

गोवर श्वसनमार्गाचे अस्तर बिघडवतो, तसाच तो शरीराची स्मृतीही पुसतो. १९०८ मध्ये व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी पाहिले, की क्षयाची त्वचेवरील चाचणी ज्यांना आधी लागू पडत होती, अशा मुलांत गोवर असताना ती लागू पडेनाशी होते. शरीर आपले ज्ञान विसरते, ही त्या गोष्टीची पहिली खूण होती. २०१९ मध्ये नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताची गोवरापूर्वी व गोवरानंतर तपासणी झाली. इतर रोगांविरुद्ध त्यांनी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे गोवराने नाहीशी केल्याचे आढळले. त्यापूर्वी २०१५ मध्ये, गोवरानंतर दोन ते तीन वर्षांपर्यंत मुले इतर संसर्गांना अधिक बळी पडतात, असा निष्कर्ष अनेक देशांच्या मृत्युनोंदींवरून निघाला होता. म्हणजे चैत्रात गोवर होऊन गेलेल्या मुलाला श्रावणात न्यूमोनिया झाला, तर त्या दोहोंचा संबंध असू शकतो. मुलाला नजर लागली नाही आणि आईनेही काही चुकवलेले नाही.

कोविडच्या काळात लसीकरणात खंड पडला. त्यानंतर २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या परिसरात, तसेच मालेगाव आणि भिवंडी येथे गोवराचा उद्रेक झाला व बालके दगावली. सोलापुरातील विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांची स्थिती त्या वस्त्यांहून फार निराळी नाही. एका खोलीत सहा-सात माणसे राहतात, घरातच तंबाखू हाताळली जाते, चुलीचा किंवा स्टोव्हचा धूर कोंडतो. धुराने श्वासनलिकेचे तेच अस्तर आधीच दुबळे केलेले असते आणि कुपोषणाने त्यात भर पडते.

आता उपायांकडे येतो. पहिला उपाय लसीचा आहे. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा सोळाव्या ते चोविसाव्या महिन्याच्या दरम्यान अशी दोनदा द्यावयाची असते. पुष्कळ माता पहिल्या मात्रेनंतर थांबतात. दुसरी मात्रा तितकीच आवश्यक आहे. न्यूमोकोकसविरुद्धची लस २०२१ पासून शासकीय लसीकरणात देशभर मोफत मिळू लागली. ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळी दिली जाते. या लसीविषयी एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. दक्षिण आफ्रिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे दिसले, की ही लस केवळ जिवाणूविरुद्ध असूनही ज्या न्यूमोनियात विषाणू सापडले होते अशा न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण तिने ३१ टक्क्यांनी घटवले. विषाणू आणि जिवाणू यांची जोडी फोडली की पहिले दुखणेही एवढे जड जात नाही, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय. वृद्ध, मधुमेही, दम्याचे व हृदयविकाराचे रुग्ण यांनी पावसाळ्यापूर्वी इन्फ्लुएंझाची लस घेण्याविषयी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आपल्या राज्यात ही साथ बहुधा पावसाळ्यात जोर धरते आणि आषाढी वारीची गर्दीही त्याच सुमारास असते.

दुसरा उपाय जागरूकतेचा आहे. सर्वसाधारण विषाणूजन्य ताप बहुतेकांचा आपोआप बरा होतो, तेव्हा घाबरून जाऊ नये. पहिल्याच दिवशी प्रतिजैविकाच्या गोळ्यांचा आग्रह धरू नये. त्या विषाणूवर चालत नाहीत आणि पुढचा न्यूमोनिया हमखास टाळतात असेही नाही. उलट विनाकारण घेतल्याने खरी गरज पडेल तेव्हा त्या निरुपयोगी ठरण्याचा संभव वाढतो. मात्र उतरलेला ताप पुन्हा भरला, छातीत टोचू लागले, पिवळा किंवा तांबूस कफ पडू लागला, धाप लागली अथवा रुग्ण गुंगीत जाऊ लागला, तर त्याच दिवशी रुग्णालयात यावे. लहान मूल शांत असताना त्याचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक भरला, किंवा पोट उडू लागले, मूल अंगावर पिईनासे झाले, तर रात्र काढू नये. गोवर झालेल्या मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याने 'अ' जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठ दोन दिवशी देतात. त्याने धोका कमी होतो. त्यासाठीही मुलाला दाखवणे आवश्यक आहे.

येथे आमचीही एक उणीव मान्य करणे आम्ही कर्तव्य समजतो. बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते. आम्ही रुग्ण तपासतो, "व्हायरल आहे, तीन दिवसांत बरे वाटेल" असे सांगतो आणि पुढच्या रुग्णास बोलावतो. हे निदान बहुधा बरोबर असते, पण वाक्य अपुरे असते. बरे वाटल्यानंतर पुन्हा बिघडले तर काय समजावे आणि किती तासांत यावे, हे सांगावयाचे राहून जाते. विडी वळणारी आई मुलाला घेऊन एकदा येते तेव्हा तिच्या कामाचा खाडा होतो, रिक्षाचे भाडे जाते, केसपेपरचे आणि औषधाचे पैसे जातात. आठवड्याच्या आत तेच दुखणे "उलटले" असे तिला वाटते आणि त्याच दुखण्यावर दुसऱ्यांदा खर्च कसा करावा, या विचारात ती दोन दिवस थांबते. पुष्कळदा आमच्या हातून निसटतात ते नेमके हेच दोन दिवस. अशी मुले अखेरीस येतात तेव्हा ओठ निळसर झालेले असतात आणि मग प्राणवायू, शिरेतून औषधे, अतिदक्षता विभाग असा खर्च व झगडा सुरू होतो. त्यांतील काहींना आम्ही वाचवू शकत नाही. अशा वेळी घरची वडीलधारी माणसे त्या आईकडे ज्या नजरेने पाहतात, ती आम्ही वॉर्डाच्या दारात उभे राहून पाहिलेली आहे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आणि देणगीदारांपुढे आमची एक लहानशी विनंती आहे. तापासाठी येऊन गेलेला कोणताही रुग्ण पंधरा दिवसांच्या आत पुन्हा ताप किंवा धाप घेऊन आला, तर त्याच्याकडून केसपेपरचे व तपासणीचे शुल्क घेऊ नये आणि त्यास रांगेत न थांबवता पाहावे. घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णास पुन्हा येण्याची लक्षणे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषांत छापलेली चिठ्ठी मिळावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना परिचारिकेने ती वाचून दाखवावी व श्वास कसा मोजावा हे करून दाखवावे. यासाठी मोठी इमारत लागत नाही की परदेशी यंत्र लागत नाही. अतिदक्षता विभागातील एका रुग्णावर जो खर्च होतो, त्यापुढे ही रक्कम अल्प आहे. मोठ्या यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते आणि चिठ्ठीवर ते कोरता येणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही हे दान त्याहून उणे नाही, असे आमचे नम्र मत आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांस जाता जाता एवढेच सांगावेसे वाटते. ताप उतरला म्हणून देवाचे आभार अवश्य माना, पण पुढचे दहा दिवस रुग्णावर डोळा ठेवा. त्यास पोटभर खाऊ द्या, विश्रांती द्या, धुरापासून दूर ठेवा. आणि एखादे वेळी दुखणे उलटलेच, तर कोणाचे काय चुकले याचा शोध घेण्यात वेळ न घालवता रुग्णाला उचला आणि आमच्याकडे या. १९१८ मध्ये आपल्या पणजोबा-पणजींपाशी या दुसऱ्या दुखण्यावर औषध नव्हते. आज ते आपल्यापाशी आहे. ते वेळेवर पोहोचवणे एवढेच आपल्या सर्वांच्या हाती उरले आहे.